शेळ्या भरवल्या तरी उलटतायत? इंजेक्शन मागायच्या आधी हे बघून घ्या

शेळी तीच, बोकड तोच, आणि दर तीन आठवड्यांनी तोच तमाशा. शेळी भरवली म्हणजे बोकड लावला, ती गपगुमान उभी राहिली, आपण कॅलेंडरवर पाच महिने मोजून खूश, आणि एकविसाव्या दिवशी बाईसाहेब परत शेपटी हलवत गोठा डोक्यावर घेतायत. गाभण न राहता अशी परत माजावर (बोकड घ्यायला तयार) आली की त्यालाच आपल्याकडे शेळी उलटली म्हणतात. एखादी उलटली तर ठीक आहे, पण एका मागोमाग एक उलटायला लागल्या की डोकं फिरतं, कारण एक उलटी म्हणजे तीन आठवड्यांचा चारा आणि खुराक पाण्यात.

मी राहतो घणसोलीला, नोकरी महापे एमआयडीसीत आणि शेळ्या मुरबाड तालुक्यात गावच्या घरी. रोजचं आई आणि चुलत भाऊ बघतात, मी शनिवार-रविवार. २६ शेळ्या, दोन बोकड आणि पाटी (अजून न व्यायलेल्या तरुण माद्या) आणि करडं वेगळी. बहुतेक उस्मानाबादी, थोड्या कोकण कन्याळ, दोन-चार कशाच्या आहेत ते देवालाच माहीत. मी डॉक्टर नाही, पण हा एकच लोचा नऊ वर्षांत इतक्यांदा निस्तरलाय की आता ओळखीतले लोक फोन करतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "दादा, कुठलं इंजेक्शन देऊ?" माझं उत्तर, आधी वही दाखव. वही नसेल तर पुढचं बोलणं फुकट आहे.

आधी लक्षणं, म्हणजे नक्की काय होतंय ते

"शेळ्या लागत नाहीत" ह्या तीन शब्दांत चार-पाच वेगवेगळे प्रॉब्लेम लपलेले असतात, ते आधी वेगळे करायला लागतात:

- माजावर येते, भरवतो, आणि ठरलेल्या दिवशी परत माजावर येते.
- माजावर येते पण कधी पाच दिवसांनी तर कधी महिन्याने, ताळमेळच नाही.
- माजावर येतच नाही, निदान आपल्याला तरी दिसत नाही.
- परत माजावर आली नाही, पोट पण दिसतंय, पण पाच महिने उलटून गेले तरी पिल्लू नाही.
- गाभण राहते आणि मधेच गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. हा प्रकार असेल तर खालचं काही करत बसू नका, थेट शेवटच्या भागावर जा.

सगळ्यात स्वस्त तपासणी: दहा रुपयांची वही

खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त केसेस इथेच सुटतात. शेळीचं नाव किंवा कानातल्या बिल्ल्याचा नंबर, माज दिसला ती तारीख आणि वेळ (सकाळ की संध्याकाळ), कुठला बोकड लावला, परत माज दिसला ती तारीख, एवढंच लिहायचं. दोन तारखांमधलं अंतर किती ते बघितलं की बिघाड कुठे शोधायचा ते कळतं.

अंतर १८ ते २२ दिवस असेल तर शेळीचं चक्र व्यवस्थित चालू आहे, फक्त गर्भ धरला नाही, म्हणजे संशय बोकडावर नाहीतर भरवायच्या वेळेवर. ५ ते ८ दिवसांत परत आली तर तो छोटा माज. नव्या पाटीला, नुकत्याच व्यायलेल्या शेळीला किंवा बोकड बऱ्याच दिवसांनी कळपात आणला की असं होतं, घाबरायचं नाही, पुढच्या माजाला परत भरवायची. तीच शेळी सारखी असं करत राहिली तर मात्र दाखवून घ्या. ३६ ते ४४ दिवसांनी आली तर बहुतेक वेळा मधला एक माज तुमच्याच नजरेतून सुटलाय. आणि २५, ३१, ३३ असे भलतेच आकडे यायला लागले तर गर्भ धरून सुरुवातीलाच गेला असण्याची शक्यता असते. ताप, टेम्पोतला प्रवास, अचानक चारा बदलणं, जबर पाऊस अंगावर घेणं, कशानेही जातो.

दुसरा आकडा म्हणजे किती शेळ्या उलटल्या. पंचवीसातली एक उलटली तर दोष त्या शेळीत शोधा. पंचवीसातल्या दहा उलटल्या तर दहाही शेळ्या एकदम बिघडत नसतात हो, तिथे बोकड, खुराक नाहीतर रोग. हे इतकं सरळ आहे तरी मी स्वतः पहिली तीन वर्षं शेळ्यांनाच टोचत बसलो होतो.

भरवायची वेळ (खर्च शून्य)

शेळीचा माज साधारण २४ ते ३६ तास टिकतो आणि बीज सुटतं ते माजाच्या शेवटाकडे. त्यामुळे माज दिसल्या दिसल्या घाईघाईत एकदा बोकड लावून शेळी बाजूला बांधली तर बऱ्याचदा फुकट जातं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. दोनदा, १०-१२ तासांच्या अंतराने.

माज कितपत पुढे गेलाय ते सोटावरून, म्हणजे मागून येणाऱ्या चिकट स्रावावरून कळतं. सुरुवातीला पातळ आणि काचेसारखा, मग ढगाळ, आणि संपत आला की दह्यासारखा घट्ट पांढरा. ढगाळ असतो तेव्हा बरोबर वेळ. बाकी खुणा सगळ्यांना माहीत आहेत, शेपटी सतत हलवणं, ओरडणं, निरण (योनीचं तोंड) सुजलेली आणि लालसर, खाण्यावरून लक्ष उडणं, थोडं थोडं मुतणं, दुसऱ्या शेळीवर चढणं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे बोकड चढताना हलत नाही, उभी राहते. नुसतं ओरडते म्हणून माज धरू नका, माझी एक शेळी कुकरच्या शिट्टीला पण ओरडते.

माझी चूक सांगतो. मी गावी शनिवार-रविवारीच असायचो म्हणून सुरुवातीला बोकड फक्त त्या दोन दिवशी सोडायचो. आता शेळीला कुठे रविवार कळतो? बुधवारी माजावर आलेली शेळी शनिवारपर्यंत थंड, आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो की माझ्या शेळ्या मुक्या माजाच्या आहेत. मुक्या नव्हत्या, मीच तिथे नव्हतो.

आता आम्ही सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं बोकडाला पोटावर गोणपाटाचा पडदा बांधून शेळ्यांमधून फिरवतो. तो चढायला बघतो पण पडद्यामुळे काम होत नाही, कोण माजावर आहे ते मात्र दाखवून देतो. आई एकटी असली की तेवढं पण करत नाही, तिची युक्ती अजून सोपी. बोकडाच्या शिंगांमागे फडकं खसाखसा चोळायचं (वास तिथेच सगळ्यात जास्त असतो), घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचं, आणि रोज बरणी उघडून शेळ्यांच्या नाकापुढे धरायची. माजावरची शेळी बरणी सोडत नाही. ती बरणी घरात कुठे ठेवायची ह्यावरून आमच्याकडे दोन वेळा भांडण झालंय, ते सोडा.

रात्री बोकड शेळ्यांबरोबर मोकळा राहत असेल तर त्याच्या छातीला गेरू आणि गोडंतेल कालवून लावा. सकाळी जिच्या पाठीवर तांबडा डाग, तिच्यावर तो चढला. तारीख लिहा. दोन-अडीच आठवड्यांनी रंग बदला, म्हणजे उलटलेली लगेच कळते.

आणि एक, बोकड कायम शेळ्यांना खेटून बांधलेला असेल तर त्याची नवलाई संपते. तीन-चार आठवडे त्याला नजरेआड आणि वासाआड ठेवून मग आणला तर थंड पडलेल्या शेळ्या आठवडा-दहा दिवसांत माजावर यायला लागतात. त्यातला पहिला माज छोटा असू शकतो, ते वर सांगितलंच.

बोकड (वेळ अर्धा तास, खर्च अजून शून्य)

ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण एका नापास बोकडाने अख्खा कळप नापास दिसतो आणि तरी सगळ्यात शेवटी संशय त्याच्यावरच येतो. धिप्पाड आहे, वास मारतोय, चढतोय, मग झालं, असं आपण धरून चालतो.

आधी मोजा. पूर्ण वयाच्या एका बोकडामागे २० ते २५ शेळ्या, ३० म्हणजे अगदी हद्द. वर्षाच्या आतल्या पोराकडून एवढी अपेक्षा करू नका, त्याला आठ-दहाच द्या आणि दीड वर्षाचा झाला की वाढवा. एका दिवशी चार-पाच शेळ्या माजावर आल्या आणि सगळ्या एकट्याने भरवल्या तर शेवटच्या दोघींना काय मिळालं असेल विचार करा. उलट बाजूने, महिना-दोन महिने रिकामा बसलेल्या बोकडाच्या पहिल्या एक-दोन भरवणीवर पण विसंबू नका, जुना साचलेला माल असतो.

मग भरवताना उभं राहून नीट बघा. नुसतं चढणं वेगळं आणि काम होणं वेगळं. काम झालं की बोकड एकदम पुढे झटका देतो, डोकं मागे टाकतो आणि उतरतो. झटका दिसला नाही तर भरवलीच नाही असं धरा. मागच्या पायाची खुरं वाढलेली, खुरसडा झालेला, गोठ्याला गुळगुळीत कोबा आणि त्यावर पावसाळ्याची ओल, ह्यातलं काहीही असलं तर तो घसरतो नाहीतर दुखतं म्हणून अर्ध्यातच उतरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रकार फार. खुरं कापा आणि भरवायला कोरडी मातीची जागा ठेवा, एवढ्यावर माझ्या दोन ओळखीच्यांचा प्रॉब्लेम सुटलाय. शेळी उंच आणि बोकड बुटका असेल तर शेळी उताराच्या खालच्या बाजूला उभी करा.

मग अंडकोष हाताने तपासा. लाजू नका. दोन्ही गोळे सारखे, टणक पण लवचिक, पिशवीत मोकळे हलणारे आणि बाकीच्या अंगापेक्षा थंड लागले पाहिजेत. एक लहान एक मोठा, पिलपिलीत, गाठ, गरम, हात लावला की बोकड उडतो, असं काही असलं तर त्याला त्याच मिनिटाला कामावरून काढा आणि डॉक्टरला दाखवा.

आता ताप. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या मोठ्या बोकडाला चार-पाच दिवस ताप होता. औषध झालं, बरा झाला, खायला लागला. जूनमध्ये आम्ही १४ शेळ्या भरवल्या आणि त्यातल्या ११ उलटल्या. मी काय करायचं ठेवलं नाही, व्हिटॅमिन झालं, मिनरल झालं, कोणीतरी सांगितलं म्हणून अंकुरलेले हरभरे झाले, शेळ्या आपल्या बरोबर विसाव्या-एकविसाव्या दिवशी हजर. बोकड तर जूनमध्ये एकदम टुमटुमीत होता, त्याच्यावर कोणाचा डोळाच नाही. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, मागच्या दोन महिन्यांत हा आजारी होता का? तिथे ट्यूब पेटली. बोकडाचं बीज तयार व्हायला साधारण ४७-४८ दिवस लागतात आणि नळीत पिकायला अजून दहा-पंधरा दिवस, म्हणजे आज जे बाहेर येतंय ते दोन महिन्यांपूर्वीचं काम. मेमधल्या तापाची शिक्षा जून-जुलैत मिळते. दुसरा बोकड लावला, शेळ्या लागल्या, आणि ऑगस्टअखेर जुना पण आपोआप कामाला लागला. एक रुपयाचं औषध लागलं नाही, फक्त थांबायला लागलं.

नुसत्या उन्हाने पण हेच होतं. बदलापूर-मुरबाड पट्ट्यात एप्रिल-मेला पारा चाळिशी गाठतो आणि पत्र्याच्या शेडखाली तर विचारू नका. बोकडाला झाडाखाली बांधा, पत्र्यावर पेंढा टाका आणि दिवसभर पाणी पुढे ठेवा. भरवायचं काम पहाटे नाहीतर दिवेलागणीला.

बोकडाला थोडे पैसे खर्चून तपासायचं असेल तर सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे दुसरा बोकड. उलटलेल्या शेळ्यांपैकी निम्म्या दुसऱ्याला आणि निम्म्या ह्यालाच लावायच्या, २२ दिवस थांबायचं, उत्तर समोर. पण तो दुसरा बोकड गावोगाव भाड्याने फिरणारा नको, तो एका कळपाचा रोग दुसऱ्या कळपात नेतो. स्वतःचा दुसरा परवडत नसेल तर ज्याच्या कळपात गाभडण्याची एकही केस नाही अशा खात्रीच्या माणसाकडून घ्या.

शेळीचं अंग, जंत आणि खुराक (खर्च काही शे रुपये)

शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, तळहात ठेवून दाबा. मणका करवतीसारखा टोचतोय आणि मणक्याच्या आडव्या हाडांखाली बोटं सहज जातायत म्हणजे शेळी खंगलेली आहे, ती माजावर येईल कदाचित पण धरणार नाही. उलट हाड लागतच नाही, सगळं गुबगुबीत, तर ती पण नको, अती लठ्ठ शेळी पण उलटते. हाड हाताला लागलं पाहिजे पण टोचलं नाही पाहिजे.

खंगलेल्यांना भरवायच्या २-३ आठवडे आधीपासून रोज २०० ते ३०० ग्रॅम जादा खुराक, मक्याचा भरडा, तूर चुनी, थोडी पेंड, आणि भरवल्यानंतरही दोन-तीन आठवडे चालू ठेवायचा. ह्याने माज ठसठशीत येतो आणि जुळ्यांचं प्रमाण पण वाढतं. एकदम किलोभर धान्य टाकू नका, पोट फुगून शेळी जाईल.

खुराक देऊनही अंग धरत नसेल तर जंत. खालची पापणी ओढून बघा, लालबुंद हवी. फिकट गुलाबी-पांढरी झाली असेल तर रक्त पिणारे जंत झालेत, आणि आपल्या पावसात ते होतातच. भातखाचरात, ओढ्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांना गोगलगायीतून लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत) पण होतो आणि त्याला जंताचं प्रत्येक औषध चालत नाही, म्हणून आधी लेंड्या तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं ते. जंताचं औषध भरवायच्या आधी उरकायचं. भरवल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल अजिबात नको, गर्भात व्यंग येऊ शकतं. हे मेडिकलवाला सांगत नाही, तो बाटली देतो आणि मोकळा होतो.

मिनरल मिक्श्चर रोज मोठ्या शेळीला १० ग्रॅमच्या आसपास. आपली लाल माती पावसाने धुऊन निघालेली, त्यात वर्षभर पेंढा आणि वाळलेलं गवत, त्यातून फॉस्फरस वगैरे मिळत नाही आणि मग माज दबतो. दुकानदार "गर्भधारणेचं स्पेशल टॉनिक" म्हणून जे काही महागाचं देतो त्यात बऱ्याच वेळा हेच असतं, फक्त बाटलीवर शेळीचा फोटो.

फुकटच्या चाऱ्याचा पण एक किस्सा. मी मधे दर शनिवारी गावी जाताना तुर्भे मार्केटमधून कोबी-फ्लॉवरच्या पाल्याच्या गोणी भरून न्यायचो, फुकट आणि शेळ्या पण तुटून पडायच्या. दोन-तीन महिने मुख्य चारा तोच. त्या खेपेला चार करडं गळ्याला गाठ घेऊन जन्माला आली, अशक्त, त्यातली दोन गेली. ह्या जातीचा पाला फार खाल्ला की आयोडीन अंगी लागत नाही आणि करडाला गलगंड होतो. आता पाला आणतो पण तोंडी लावण्यापुरता, आणि मीठ आयोडीनचंच.

जोडीतच घोळ असेल तर

बोकड दोन वर्षांच्या वर त्याच कळपात आहे का? मग तो स्वतःच्या पोरींना भरवतोय. अशा जोडीत उलटणं, एकेकच करडू होणं, करडं मरतुकडी निघणं हे हळूहळू वाढत जातं आणि दोष आपण पावसाला देतो. दोन वर्षांनी बोकड बदला. नवीन आणला की निदान तीन आठवडे वेगळा ठेवा आणि त्याच काळात रक्त तपासून घ्या.

नवी पाट कधीच माजावर येत नसेल तर आधी वजन करा. ८-१० महिने वय आणि मोठ्या शेळीच्या दोन तृतीयांश वजन, दोन्ही जुळल्याशिवाय भरवूच नये. वय-वजन सगळं झालंय तरी माज नाही आणि तिच्या आईबापाला दोघांनाही शिंगं नव्हती? मग निरण नीट बघा. आकार वेगळा, आत बोराएवढा गोळा, वागणं बोकडासारखं, असं असेल तर ती द्विलिंगी आहे. बिनशिंगी नर आणि बिनशिंगी मादी ह्यांच्या जोडीतून अशा पाटी निघतात. तिला औषध नाही, दुसऱ्याच्या गळ्यात न मारता सरळ कटाईला विका, आणि पुढे जोडीतल्या एकाला तरी शिंगं असतील एवढं बघा.

वजनदार करडांच्या नादात लहान चणीच्या पाटीला बोअर किंवा सिरोही बोकड लावायची फॅशन आलीय. पहिल्या वेताला तरी करू नका, करडू अडकतं. पहिलं वेत आपल्या जातीचं होऊ द्या, मग मोठ्या शेळ्यांवर काय ते प्रयोग करा.

आणि कधी भरवायचं ते पण ठरवून. शेळी १५० दिवसांनी विते. जानेवारी ते मार्चला भरवली तर करडं बरोबर जून-जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात आणि निम्मी न्यूमोनिया, हगवणीत जातात. आम्ही मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर धरतो. व्यायल्यावर दोन-अडीच महिने तरी शेळीला हात लावायचा नाही, गर्भपिशवी जाग्यावर यायला वेळ लागतो. बकरी ईदचं गणित करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ईद दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकते आणि बोकड दोन दाती (पुढचे दोन पक्के दात आलेला) व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, म्हणजे भरवण ईदच्या दीड ते पावणेदोन वर्षं आधी.

सोनोग्राफी आणि खोटी गाभण

एवढं सगळं करूनही कळेना तर मग खर्च करा. भरवून ३५-४० दिवस झाले की सोनोग्राफीत गाभण आहे की नाही कळतं. पोटावरून, कासेवरून अंदाज बांधणारे फार भेटतात, त्यात मी पण होतो.

मोरी नावाची शेळी. भरवली, उलटली नाही, पोट सुटलं, चौथ्या महिन्यात मी तिला वेगळा खुराक चालू केला. शेजारची काकी येता-जाता बघायची आणि म्हणायची, "कास कुठाय रे हिला? फसवतेय ती तुला." मी हसण्यावारी नेलं. एका रविवारी सकाळी गोठ्यात गेलो तर मोरीखालची माती बादली उपडी केल्यासारखी ओली, शेपटी चिकट, पोट आत गेलेलं. मी कंदील घेऊन कोपरा न् कोपरा शोधला, म्हटलं कुत्र्याने नेलं का काय. करडू नाही, वार (करडामागून पडणारी झिल्ली) नाही, रक्ताचा थेंब नाही, नुसतं पाणी. आणि मोरी शांतपणे पेंढा खातेय. ही खोटी गाभण. गर्भपिशवीत पाणी साठतं, शरीराला वाटतं गाभण आहे, माज बंद. सोनोग्राफी केली असती तर दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं. औषध आहे त्याला, पण डॉक्टरच्याच हाताने.

कारण त्यासाठी जे इंजेक्शन देतात तेच माजावर आणायला पण वापरतात, आणि शेळी खरी गाभण असली तर त्याने गाभडते. लोक "माजाचं इंजेक्शन" म्हणून मेडिकलमधून आणून स्वतः टोचतात आणि दोन महिन्यांची गाभण शेळी पाडतात, हे मी दोघांकडे डोळ्याने बघितलंय. शिवाय ते औषध कातडीतून आत जातं, म्हणून गरोदर बाईने ती बाटली हातात पण घेऊ नये, आणि दम्याच्या माणसाने पण नाही.

कृत्रिम रेतनाचं विचारतात बरेच जण. चांगल्या जातीचा वंश आणायला, दूरच्या बोकडाचं बीज वापरायला उत्तम, पण उलटणाऱ्या शेळीवर तो उपाय नाही. वेळ चुकत असेल, शेळी खंगलेली असेल तर तिथे पण उलटेल, उलट बोकड निदान माज स्वतः ओळखतो.

इथे थांबा आणि डॉक्टरला बोलवा

ह्यात घरगुती काही करायचं नाही:

एकाही शेळीने गाभ टाकला, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, की त्याच दिवशी फोन. ब्रुसेला (गाभ पाडणारा जिवाणूंचा रोग) असू शकतो आणि तो माणसाला होतो. पडलेला गर्भ, वार, ओला पेंढा उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, नमुना घ्यायचा का ते डॉक्टरला विचारा आणि मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांना मिळता कामा नये. शेळी वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका, पोरांना आणि गरोदर बायकांना गोठ्यात पाठवू नका. रक्ताचे नमुने डॉक्टर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवतात. ब्रुसेला निघालेली शेळी गुपचूप बाजारात विकू नका, पुढच्याच्या घरात रोग जातो. घरात कोणाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा की आमच्याकडे शेळ्या आहेत, नाहीतर तो मलेरिया-टायफॉइड शोधत बसतो.

व्यायल्यावर १२ तासांत वार पडली नाही, किंवा घाण वासाचा पू येतोय. वार ओढू नका, दगड बांधू नका, पिशवीला इजा झाली की शेळी कायमची वांझ.

जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू पुढे सरकत नाही.

बोकड कण्हतोय, मुतायला जोर करतोय आणि थेंब थेंब येतंय. खडा अडकलाय, खुराक जास्त झालेल्या बोकडांना होतो. उद्या बघू म्हटलंत तर उद्या बोकड नसेल.

आणि सगळ्या तपासण्या करूनही तीच शेळी दुसऱ्या खात्रीच्या बोकडाकडून तीन वेळा उलटली, तर एकदा डॉक्टरकडून गर्भपिशवी तपासून घ्या आणि ते म्हणाले तर काढून टाका. जीव लावला की जड जातं, पण तिच्या जागेवर दुसरी उभी राहते.

फोन १९६२, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो, नाहीतर पंचायत समितीचा दवाखाना. पावसाळ्यात मात्र डॉक्टर यायला तयार असले तरी उल्हास नदीचं पाणी रायत्याच्या पुलावर आलं की कल्याणकडून कोणीच येऊ शकत नाही, म्हणून ज्या शेळ्या जुलैत विणार आहेत त्या जूनमध्येच दाखवून घ्या. मोठी केस असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही जा, वही बरोबर न्या. मी पहिल्यांदा वही घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी शेळीकडे बघायच्या आधी पाच मिनिटं तीच चाळली.

मोरीला परवाच्या शनिवारी भरवलीय, दोनदा, झटका दोन्ही वेळा दिसला. छत्तिसाव्या दिवशी सोनोग्राफी, ह्या वेळी पोट बघून खुराक नाही.